दोन सुरांमधली हवा

पेटीसमोर बसा. डाव्या हातानं भाता हलवा, उजव्या हाताचं बोट कोमल गंधारावर ठेवा. सूर लागला. आता तिथून मध्यमावर जा, पण मालकंस गाताना गळा जसा जातो तसं जा. वाटेतला एकही कण सुटता कामा नये. जमत नाही ना? बोटांचा दोष नाही. दोन पट्ट्यांच्या मधे बारीक फट आहे आणि त्या फटीत सूरच नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली पेटी गायची असं जुने लोक सांगत. तरीही ती फट तिथंच होती. टेंबे ती ऐकणाऱ्याला विसरायला लावत, एवढंच.

आता बोट पट्टीवरून उचला. हात तसाच हवेत राहू द्या आणि डोळे मिटा.

उघडाल तेव्हा बोटं गारठलेली असतील. १९२० साल, पेत्रोग्राड. बाहेर यादवी युद्ध चालू आहे, शहरात अन्नाची आणि जळणाची टंचाई आहे. तुम्ही अब्राम इयोफे यांच्या भौतिक-तांत्रिक संस्थेतल्या एका प्रयोगशाळेत उभे आहात. समोर तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण संशोधक कानाला हेडफोन लावून बसला आहे: लेव्ह तेर्मेन. वायूंचे विद्युत-गुणधर्म मोजायचं यंत्र त्यानं जुळवलं आहे आणि काटा पाहण्याऐवजी तो यंत्राची शीळ ऐकतो आहे. हात यंत्राजवळ नेला की शीळ चढते, मागे घेतला की उतरते. दुसऱ्या कुणी शास्त्रज्ञानं याला अडथळा म्हटलं असतं आणि यंत्राभोवती पत्रा लावला असता. तेर्मेन चेलो वाजवायला शिकलेला आहे. तो हात पुन्हा पुढे नेतो. या वेळी मोजायला म्हणून नाही, सूर शोधायला.

यात काय घडतंय ते कळायला तंबोरा लावताना आठवा. जोडीच्या दोन तारा जवळजवळ मिळाल्या, पण केसभर फरक उरला, की त्यांच्यातून एक संथ लाट ऐकू येते. तार पिळत गेलात की लाट मंदावते आणि दोन्ही सूर एक झाले की विरते. तेर्मेनच्या पेटाऱ्यात अशाच दोन आंदोलनांची जोडी आहे. फक्त दोन्ही इतकी वेगवान आहेत की कानाला ऐकूच येत नाहीत. समजा, एक सेकंदाला १,७०,००० वेळा हलतंय आणि दुसरं १,७०,४४० वेळा. कानावर पडतो तो दोघांमधला फरक, सेकंदाला ४४० कंपनांचा एक सूर. एका आंदोलनाला उभी धातूची दांडी जोडली आहे. तुमचं शरीर विजेचा थोडासा साठा करू शकतं, म्हणून हात दांडीजवळ गेला की ते आंदोलन किंचित ढळतं आणि फरकाचा सूर बदलतो. तुम्ही वाद्याला शिवत नाही. तुम्ही स्वतःच त्याच्या मंडलाचा एक भाग झालेले असता.

आणि इथं फट नाही. गंधारापासून मध्यमापर्यंतची सगळी वाट मोकळी आहे.

या वाद्याला पुढे जग थेरमिन म्हणणार आहे. १९२२ मध्ये तेर्मेन ते क्रेमलिनमध्ये लेनिनसमोर वाजवतो आणि लेनिन स्वतःही हात चालवून पाहतो. पण तुम्ही तिथं थांबू नका. वाद्य सापडलं म्हणजे वादक सापडला असं होत नाही. पुढची बारा वर्षं एका दमात ओलांडा.

ऑक्टोबर १९३४, न्यूयॉर्क. त्रेचाळिसाव्या रस्त्यावरचं टाउन हॉल. तुम्हाला काम मिळालं आहे ते पियानोवाल्याच्या शेजारी बसून पानं उलटायचं. मंचावर जाण्याआधी तुम्हाला ताकीद मिळते: वादिकेच्या जवळ जायचं नाही, उगाच हलायचं नाही, पान उलटताना कोपर बाहेर काढायचा नाही. तुमच्या देहाची चाहूलही त्या वाद्याला लागते.

क्लारा रॉकमोर तेवीस वर्षांची आहे. विल्नियसमध्ये जन्मलेली ही मुलगी जेमतेम चार-पाच वर्षांची असताना पेत्रोग्राडच्या संगीत विद्यालयात व्हायोलिनसाठी घेतली गेली आणि लिओपोल्ड आउअर यांच्या हाताखाली शिकली. लहानपणीच्या उपासमारीनं हाडं कमजोर झाली, हात दुखायला लागला, ऐन उमेदीत व्हायोलिन खाली ठेवावं लागलं. तार दाबायला लागणारा जोर ज्या हातात उरला नाही, त्याच हाताला न्यूयॉर्कला आल्यावर असं वाद्य भेटलं ज्यात दाबायला काहीच नाही. तेर्मेन तेव्हा तिथंच होता आणि तिच्यावर त्याचा जीव जडला होता. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्यानं एक केक बनवला होता. ती जवळ गेली की तो फिरायचा आणि उजळायचा. लग्न तिनं दुसऱ्याशी केलं. वाद्य मात्र त्याच्याकडून हट्टानं नीट करून घेतलं. आधी आवाका तीन सप्तकांचा होता, तिनं पाच मागितली. आवाज लहानमोठा करणारा डावा भाग संथ होता, तो तिला चपळ हवा होता, म्हणजे सुरांचे तुकडे सुटे काढता येतील.

आता बघा. ती वाद्यामागे उभी राहते आणि श्वास सावरते. डोकं हलत नाही, कंबर हलत नाही, दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे. उजवा हात दांडीकडे जातो, डावा आडव्या कडीवर. डावा कडीला टेकल्यासारखा जवळ असला की वाद्य गप्प. तो वर उचलला की आवाज फुलतो. तुम्ही इतके जवळ बसला आहात म्हणून तुम्हालाच दिसतं: डावा हात अजून खाली आहे, आवाज जवळजवळ नाहीच, आणि तेवढ्या कुजबुजीत तिनं पहिला सूर चाचपून घेतला आहे. सभागृहाला कळायच्या आत. मग डावा हात वर जातो आणि सूर अचूक जागी उमलतो.

उजव्या हाताची बोटं मिटलेली असतात. एक उघडतं, मग दुसरं, मग मनगट थोडं पुढे सरतं. हवेत पडदे नाहीत, तर तिनं ते हाताच्या आकारात बांधले आहेत. मूठ मिटली की हा सूर, करंगळी ताठ झाली की तो. दांडीच्या जवळ सूर दाटीवाटीनं बसलेले, दूर गेलं की ऐसपैस, म्हणजे एकच अंतर प्रत्येक सप्तकात वेगळं मोजायचं. सतारीवर बोट चुकलं तर निदान पडदा सावरून घेतो. इथं चूक झाकायला काही नाही. एका सुराकडून दुसऱ्याकडे जाताना सगळं ऐकू येतं, म्हणून जिथं घसट नको तिथं डावा हात क्षणभर बुडतो आणि वाट पुसून टाकतो. जिथं हवी तिथं तो वरच राहतो. मींड घ्यायची की नाही, हा निर्णय ती दर सुरागणिक घेते आहे.

तिच्याआधी हे वाद्य चमत्कार म्हणून वाजत होतं, तिच्यानंतर ते संगीत म्हणून वाजायला लागलं. मला यात तेर्मेनपेक्षा तिचं काम मोठं वाटतं. शोधाला एक संध्याकाळ पुरली असेल. या स्थिरतेला वर्षं लागली.

पान उलटा. कोपर आत.

१९३८ मध्ये तेर्मेन अमेरिकेतून सोव्हिएत रशियात परततो आणि दिसेनासा होतो. अटक, कोलिमाच्या छावण्या, मग कैदी शास्त्रज्ञांच्या बंद प्रयोगशाळा. पश्चिमेत कित्येकांनी तो मेला असंच धरलं. तुम्ही त्याला मनात ठेवा, त्याची पुन्हा भेट होणार आहे. आता मुंबईला चला.

१९५४. रेकॉर्डिंगच्या खोलीत उकाडा आहे, कारण आवाज होतो म्हणून पंखे बंद आहेत. फिल्मिस्तानचा ‘नागिन’, संगीतकार हेमंतकुमार. सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवणार, एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. तुम्ही खाली जमिनीवर बसा, म्हणजे तुम्हाला वादकाचा गुडघा दिसेल. वादक आहे कल्याणजी वीरजी शहा, गिरगावात वाढलेला, सव्वीस वर्षांचा, अजून स्वतःच्या नावावर एकही चित्रपट नसलेला. त्याच्यापुढे फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिननं बनवलेलं क्लॅव्हिओलिन आहे: तीन सप्तकांच्या पट्ट्या, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच सूर देणारं. पट्ट्यांखाली एक दांडा आहे, तो गुडघ्यानं ढकलायचा. तेवढ्यानं आवाज वाढतो. शेजारी हेमंतकुमारांचे साहाय्यक रवी हार्मोनियम घेऊन बसले आहेत.

बीन तुम्ही जत्रेत ऐकली असेल. गारुडी गाल फुगवून हवा साठवतो, त्यामुळे श्वास घेतानाही सूर तुटत नाही. कल्याणजीला तेच करायचं आहे, तेही पट्ट्यांवर. म्हणून पहिली पट्टी सुटायच्या आत त्याचं बोट दुसरीवर पडतं. सूर एकदाही उघडा पडत नाही. फटी तर आहेतच, पण बोटं त्यावरून इतक्या लगबगीनं कण घेत जातात आणि गुडघा खालून आवाजाला असं झोके देतो, की कानाला वळवळ ऐकू येते. रवींची पेटी त्याला खालून धरून ठेवते. जी पेटी रेडिओवर वर्ज्य आहे ती इथं विजेच्या वाद्याला सूर पुरवते आहे. पुढे चित्रपटगृहांत लोक ही खरीखुरी बीन समजून डोलतील. त्या आवाजाचा अर्धा हिस्सा एका गुडघ्याचा आहे हे तुम्हाला मात्र दिसलं आहे.

इथून पुढे यंत्रं भराभर बदलतात, तेव्हा चालण्याचा वेग वाढवा. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मूग नावाचा मुलगा चौदाव्या वर्षी घरी थेरमिन जुळवतो, मोठेपणी थेरमिनचे जोडसंच विकतो आणि १९६४ मध्ये त्याच हातांनी सिंथेसायझर उभा करतो. १९६९ मध्ये तसा एक सिंथेसायझर अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोचतो. पियानोवादक डेव्हिड ट्युडर तो लावून देतो, पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई त्यावर काम करतात. साबरमतीकाठच्या त्या खोलीत डोकावून घ्या: कपाटाएवढं यंत्र, त्यातून लोंबणाऱ्या तारा, एक तार एका भोकातून काढून दुसऱ्यात खोवली की नवा आवाज. मूगच्या यंत्रात सूर म्हणजे विजेचा दाब. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे मींड म्हणजे हळूहळू चढणारा व्होल्ट. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो होतो. जी गोष्ट गुरू हाताच्या इशाऱ्यानं दाखवतात तिचं एवढं साधं मोजमाप असू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं.

१९८२, पुन्हा मुंबई. चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. टेबलावर रोलँड कंपनीची तीन यंत्रं आहेत: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही रुपेरी डबी. ही डबी मुळात बास गिटारवाल्याची जागा घ्यायला बनवलेली. तिच्यावर सोळा घरं. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, आणि हवं तर त्या घराला घसट लावायची. मग तिथं सूर नव्यानं न छेडला जाता आधीच्या सुरावरून सरकत येतो. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात पाश्चात्त्य गिटार होती. सिंग तिच्यात भैरव, तोडी, मालकंस भरतात. तालयंत्राचा ठोका चालू, डबीची सोळा घरं फिरताहेत आणि वर ज्युपिटरवर त्यांचा उजवा हात राग मांडतो आहे.

दहा रागांची ती तबकडी आली आणि फारशी कुणाच्या लक्षात न येता गेली. पाच वर्षांनी शिकागोत त्याच डबीतून अॅसिड हाउस नावाचं नृत्यसंगीत निघालं. आणि २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले, कारण मुंबईतला एक माणूस त्यांच्या कितीतरी आधी तिथं पोचला होता. सत्तरी गाठलेल्या सिंगना मग युरोपातल्या मंचांवर वाजवायला बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

तुम्ही त्यांच्या खांद्यामागून बघत असताना एक गोष्ट ऐका. डबीची घसट दर वेळी तेवढ्याच वेळात संपते. मालकंसाच्या मींडेला कधी एक मात्रा लागते, कधी चार, आणि किती लागावी हे गाणाऱ्याच्या त्या क्षणाच्या मनावर असतं. तो मान ज्युपिटरवरच्या हाताकडे आहे, डबीकडे नाही. हे यंत्र थोर आहे, पण त्यात हात आधी काम करून जातो आणि मग बाजूला उभा राहतो.

हात पुन्हा मधे आणणारा माणूस बघायला आम्स्टरडॅमला जायला हवं. १९८४, कॉन्सर्टखेबाऊ. सोनेरी नक्षीचं, शंभर वर्षांच्या घरातलं सभागृह. मंचावर यामाहाचे सिंथेसायझर आहेत, पण त्यांच्या पट्ट्यांपुढे कुणी बसत नाही. मिशेल वाइसविस चालत येतो. त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी अडकवलेलं आहे: तळव्याला धरून राहणारे सांगाडे, बोटांखाली बटणं, अंगठ्याजवळ सरकपट्टी, आत पाऱ्याचे थेंब असलेल्या बारीक नळ्या. मनगट कललं की पारा एका टोकाला वाहतो आणि विजेचं मंडल जुळतं. दोन हातांमधे कानाला न ऐकू येणारा ध्वनी जातो-येतो आणि हात किती दूर आहेत ते मोजतो. अंगावर बांधलेला छोटा संगणक हे सगळं मिडी नावाच्या भाषेत बदलतो. मिडी जेमतेम एक वर्षाची आहे आणि ती पट्ट्यांच्या वाद्यांसाठी घडवलेली आहे. हा माणूस तीच भाषा हातवाऱ्यांना शिकवतो आहे. वाद्याचं नाव अगदी साधं: ‘द हँड्स’.

तो हात जवळ आणतो, आवाज दाटतो. हात फाकवतो, आवाज ताणला जातो, आणि आता कुठल्याही क्षणी तुटेल असं वाटून तुमच्याच खांद्यांत कळ येते. बोटं बटणांवर पडतात, सुरांचा एक मुठीएवढा गोळा सुटतो, मनगटाच्या वळणानं तो कडू होतो, परत मऊ होतो. घाम दिसतो. वाइसविस आणि त्याचे स्टाइम या संस्थेतले सहकारी यांचा आग्रह होता की विजेच्या संगीतातही वादकाचे श्रम दिसले पाहिजेत. बटण दाबून मागे सरकणारा माणूस त्यांना पुरेसा वाटत नव्हता. आमच्याकडे भीमसेनांचे हात पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. तान वर जाते तेव्हा हात ती उचलून नेतो. वाइसविसनं तोच हात थेट यंत्राला जोडला.

आणि यापुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. असं वाद्य बनवणाऱ्याला रोज काहीतरी बदलायचा मोह होतो: इथं आणखी एक बटण, तिथं नवा संवेदक. वाइसविसनं काही काळानं ठरवलं की हातांतल्या यंत्रात आता फेरफार करायचा नाही, ते आहे तसं वाजवायला शिकायचं. सुधारणा थांबवून तो रियाजाला बसला. २००८ मध्ये तो गेला तोवर त्याच वाद्यानं त्याला ओळख दिली. क्लारानं हवेत पडदे बांधले तेव्हा हेच केलं होतं, आणि कल्याणजीच्या गुडघ्यानंही हेच केलं असणार. रोज बदलणाऱ्या तंबोऱ्यावर गळा तयार होत नाही.

आम्स्टरडॅमच्या त्या मंचावरून अजून एक उडी, सात वर्षांची. सप्टेंबर १९९१, कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. पुढच्या रांगेत पंचाण्णव वर्षांचा एक म्हातारा बसला आहे. तुम्ही त्याला ओळखता. पेत्रोग्राडच्या थंडीत तुम्ही त्याच्या शेजारी उभे होता. पन्नासहून अधिक वर्षांनी लेव्ह तेर्मेन पुन्हा अमेरिकेत आला आहे. याच सफरीत न्यूयॉर्कला तो क्लाराला तिच्या घरी भेटणार आहे, ऐंशी वर्षांच्या क्लाराला.

मंचावर त्याची मुलगी नताशा थेरमिनपाशी उभी आहे. साथीला पियानो नाही. एका सपाट पेटीपुढे मॅक्स मॅथ्यूज उभे आहेत. १९५७ मध्ये संगणकाकडून पहिल्यांदा संगीत वाजवून घेणाऱ्यांत हेच नाव येतं. त्यांच्या दोन हातांत दोन छड्या आहेत. छडीच्या टोकातून बारीक रेडिओलहर सुटते, खालची पेटी ती पकडते आणि छडी डावी-उजवी, पुढे-मागे, किती उंच आहे ते ओळखते. साथीचे सगळे सूर संगणकात आधीच लिहून ठेवले आहेत, पण केव्हा वाजायचं हे त्यांना ठाऊक नाही. मॅथ्यूज छडीनं मात्रा देतात तेव्हाच पुढचा सूर सुटतो. नताशा एखाद्या सुरावर रेंगाळली तर छडी हवेत थांबते. संगणक थांबतो. ती सरकली की तो सरकतो. आपल्याकडचा जाणता साथीदार गवयाच्या तोंडाकडे बघत ठेका धरतो, तसंच.

सुरू होतं ते रखमानिनोव्हचं ‘व्होकॅलीज’, शब्द नसलेलं गाणं. दोन्ही वादकांचे हात हवेत आहेत, कुणीच कशालाही शिवत नाही. सूर एका जागेवरून निघतो आणि मधली सगळी वाट चालत दुसऱ्या जागी पोचतो.

तुमचाही उजवा हात मांडीवरून उचलला गेला आहे. बोटं मिटलेली, एक तेवढं सुटायच्या बेतात. मागच्या रांगेतला कुणीतरी बघतो आहे. बघू द्या. गंधारापासून मध्यमापर्यंत जा.